भारा आणताना गुडघे दिसत नाहीत?

रविवार, दिवेलागण

आधी नात आली, मागून तिची मैत्रीण, बुटातली रेती माझ्या ओट्यावर झाडत. ही मैत्रीण माणसांना कोकणात समुद्राच्या काठाकाठानं पायी फिरवते म्हणे. म्हणाली, "आजी, एक जागा रिकामी आहे, येता का?" मी अजून समुद्र पाहिला नाही. हो म्हणणार, तेवढ्यात लेक मध्ये बोलला, "माय, तुना गुडघा दुखतस. रेतीमा चालशी का?"

अस्सा राग आला! पांझरा नदीच्या रेतीतून डोक्यावर चाऱ्याचा भारा आणते, तेव्हा गुडघे दिसत नाहीत याला? कालच आणला की. वर म्हणे, अजून एक आण! सगळ्यांसमोर सुनावलं, "भारा आते तू आन, मी जास." सून फिस्सकन हसली. पोरी गुरुवारी येतील मला न्यायला.