बत्तीस इंच कुठून कुठे मोजायचे

चिरंजीव भुंग्यास दादाचे अनेक आशीर्वाद. (आशीर्वाद आपल्या भांडणात धरलेले नाहीत, ते चालूच आहेत.) इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आई कुरकुरत नाही, म्हणजे तब्येत चांगली समजायची. तुझ्या वहिनीचा खोकला गेला. माझं वजन वाढलंय असं वजनकाटा म्हणतो, पण तो काटा तू आणलेला, त्यामुळे मी त्याचं फारसं मनावर घेत नाही. तुझा खांदा कसा आहे? धाकट्या सूनबाईलाही आशीर्वाद सांग. तिच्याशी माझं काही वाकडं नाही.

पत्र पाहून तू चक्रावला असशील. दोन वर्षं आपण बोलत नाही. दंतवैद्यांच्या घराचं ते प्रकरण झालं, वरच्या मजल्यावर चार भिंती आणि एक खिडकी असलेली, पण आत शिरायला दारच नसलेली खोली बांधून उभी राहिली, आणि त्या दिवशी मी जाहीर केलं की यापुढे तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. बोलणार नाही असं म्हणालो होतो, लिहिणार नाही असं नव्हे. घरांचे नकाशे काढणाऱ्याने शब्द तोलूनमापून वापरावेत असं मी तुला शिकवायचो, ते हे असं कामी येतं. भिंती मी काढायच्या आणि दारं-खिडक्या तू, ही आपली पंधरा वर्षांची वाटणी. तेव्हा बिनदाराच्या खोलीचा दोष कुणाकडे जातो ते कुणीही सांगेल. (खिडकी तू काढली होतीस, हे मी नाकारत नाही.) तू आपलं बिऱ्हाड उचललंस आणि तिकडे भाड्याच्या खोलीत एकटा नकाशे काढायला लागलास, मी इथे एकटा काढतो, आणि आई मधल्या मध्ये दोन्हीकडे फोन करत बसते. पण ते राहू दे. हे पत्र मॉनिटरबद्दल आहे.

आपला सतरा इंची मॉनिटर तुला आठवत असेल. त्याच्या उजव्या अंगाला हल्ली एक हिरवी उभी रेघ कायमची मुक्कामाला आली आहे. मध्यंतरी एका बेकरीवाल्या बाईंच्या नव्या दुकानाचा नकाशा करताना मी तिला पाण्याचा पाइप समजलो आणि तासभर तो पाइप भट्टीपासून लांब सरकवत होतो. पाइप काही हलेना. शेवटी मी भट्टी सरकवली. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः नकाशा बघायला आल्या, शेजारी बसल्या. पडदा एवढासा, त्यामुळे भट्टी दाखवली की काउंटर जातो आणि काउंटर दाखवला की भट्टी जाते. मी नकाशा डावीकडे ओढला, उजवीकडे ओढला, वर नेला, खाली आणला. दहा मिनिटांत त्यांना होडीत बसल्यासारखं मळमळायला लागलं. त्या घोटभर पाणी प्यायल्या आणि फोन करते म्हणून निघून गेल्या. फोन अजून आलेला नाही.

त्या दिवशी ठरवलं की मोठा मॉनिटर घ्यायचा. तुझ्या वहिनीने दोन अटींवर मंजुरी दिली: मोठा असावा आणि स्वस्त असावा. चांगला असावा ही अट तिची नव्हती, ती मी गुपचूप माझ्या मनात घातली, आणि सगळं तिथेच फिसकटलं. आई म्हणाली, भुंग्याला विचार, त्याला यातलं कळतं. मी म्हटलं, पंचवीस वर्षं नकाशे काढतोय, एक काचेचं खोकं निवडायला मला कुणाची गरज नाही. (हे वाक्य मी आईला एकूण अकरा वेळा ऐकवलं. प्रत्येक वेळी ती बरं म्हणाली. ते तिचं बरं कसं असतं ते तुला माहीत आहे.)

पहिला सल्ला शेजारच्या शिंपीकाकांनी फुकट दिला. म्हणाले, घरात एवढा मोठा टीव्ही असताना मॉनिटर कशाला? मला ते एकदम पटलं. टीव्ही उतरवला, टेबलावर आणला, कॉम्प्युटर जोडला. आकार दणदणीत, त्यात वाद नाही. पण लांबून बघायची वस्तू हातभर अंतरावरून बघितली की तिची सगळी अब्रू चव्हाट्यावर येते. अक्षरांच्या कडेला लाल-निळी झालर, रेघा केसाळ, आणि उजेड इतका की संध्याकाळपर्यंत माझे डोळे सोललेल्या कांद्यासारखे झाले. त्यातच आईच्या मालिकेची वेळ झाली. ती सवयीने येऊन टीव्हीसमोर बसली आणि शांतपणे एका दुमजली घराचा नकाशा बघत राहिली. पाऊण तासाने तिने विचारलं, यात माणसं कधी येणार? टीव्ही त्याच रात्री परत भिंतीवर गेला.

मग मी माझ्या पद्धतीने काम हाती घेतलं. तुला ठाऊक आहे, पुठ्ठ्याचं खऱ्या मापाचं मॉडेल केल्याशिवाय मी घरात चपलांचं कपाटसुद्धा येऊ दिलेलं नाही. बत्तीस इंच हा आकार बरा असं बऱ्याच जणांकडून कळलं होतं. फ्रिजच्या खोक्यातून बत्तीस इंच रुंद आणि अठरा इंच उंच असा चोख तुकडा कापला, मागे टेकू दिला, टेबलावर उभा केला. आठ दिवस आम्ही त्या पुठ्ठ्यासोबत राहिलो. पडदा कुठपर्यंत येतो, खिडकीचा उजेड त्यावर पडतो का, मान किती वळवावी लागते, सगळं तपासलं. त्यावर मी पेन्सिलीने बेकरीचा अख्खा नकाशा काढला आणि खरं सांगतो, इतका सुखाने मी कित्येक महिन्यांत काम केलं नव्हतं. भट्टी आणि काउंटर एकदम दिसत होते. तुझ्या वहिनीचं म्हणणं पडलं की हाच ठेवू या, वीजही लागत नाही. आईने खालच्या कोपऱ्यात तिच्या गोळ्यांच्या वेळा लिहून टाकल्या.

नवव्या दिवशी दुकानात गेलो. दुकानदार गंभीर चेहऱ्याचा, जाडजूड, कानावर पेन खोचलेला. भिंतभर मॉनिटर लावलेले आणि प्रत्येकावर एकच पोपट पंख पसरून बसलेला. गिऱ्हाईक येतं, पोपट बघतं, अहाहा म्हणतं आणि घेऊन जातं. मी म्हटलं, पोपट नको, मला पांढऱ्यावर एक काळी रेघ दाखवा. बावीस वर्षांच्या धंद्यात कुणी रेघ मागितली नव्हती म्हणे. मी खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि त्याला सगळे पोपट उतरवायला लावले. (तो मनातून चिडला होता, पण गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक.) मग एकेकाचं पितळ उघडं पडलं. जो सगळ्यात मोठा आणि सगळ्यात स्वस्त, त्याच्यावरची तिरपी रेघ म्हणजे जिन्याच्या पायऱ्या. मोठ्या पडद्यावर ठिपके तेवढेच पसरलेले, कमी पिठात जास्त पोळ्या लाटाव्यात तसे. दुसरा गोलाई दिलेला. दुकानदार म्हणाला, आता याचीच फॅशन आहे, चित्र तुम्हाला कवेत घेतं. मी त्यावर सरळ भिंत लावून बघितली. ती पोट सुटल्यासारखी दिसली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात गवंड्यांना भिंत ओळंब्यात नाही म्हणून फैलावर घेतलं, त्याने रोज सकाळी वाकड्या भिंतींच्या कवेत जायचं? मी हात जोडले.

तिसरा सपाट, ठिपके बारीक, रेघ सुरेख. हाच तो, असं वाटलं, पण नजरेत भरेना. पुठ्ठ्यापुढे अगदीच आखडलेला. मी विचारलं, हा नक्की बत्तीस? तो म्हणाला, बत्तीस. मग मी ते केलं, जे आठवलं की मला अजून रात्री झोपेतून उठून बसावंसं वाटतं. कमरेचा टेप काढला, सात-आठ गिऱ्हाइकांसमोर रुंदी मोजली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की माझे चार इंच कुठे गेले. मापात पाप म्हणालो. फसवणूक म्हणालो. एका आजोबांनी तर हातातला मॉनिटर लगेच परत ठेवला. दुकानदार पुढे आला. माझ्या हातातून टेप घेतला, खालच्या डाव्या कोपऱ्यावर एक टोक धरलं, दुसरं वरच्या उजव्या कोपऱ्याला नेलं आणि मला वाचायला लावलं. बत्तीस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. भुंग्या, खोली काटकोनात आहे की नाही हे बघायला दोन्ही कर्ण मोजायचे, हे मी तुला पहिल्याच दिवशी शिकवलं. शेकडो खोल्यांचे कर्ण मोजलेला माणूस मी, आणि मॉनिटर कर्णात मोजतात हे मला एका पोपटवाल्याने शिकवावं. मी त्याची माफी मागितली. मोठ्याने मागितली, कारण आरोपही मोठ्याने केला होता. त्याने चहा मागवला. माणूस चांगला आहे.

तर आता प्रश्न असा. सपाट, बारीक ठिपक्यांचा, रेघ सुरेख, पण त्याचा पाय एकाच उंचीचा, वर-खाली होत नाही, आणि आपल्या जुन्या कॉम्प्युटरच्या निळ्या पिनेला त्यात भोकच नाही. जिन्याच्या रेघांचा सगळ्यात मोठा आहे, स्वस्त आहे, वहिनीच्या दोन्ही अटींत बसतो. पोट सुटलेल्या भिंतींचा मी विचारात घेतलेला नाही, फक्त नोंद म्हणून सांगतो. यात कुठला घ्यावा? आईचं म्हणणं तुला यातलं कळतं. तिचा मान राखायचा म्हणून विचारतोय, उत्तर सवडीने दे.

इथेच थांबतो. आपापल्या तब्येती सांभाळा, लोभ होता तेवढा आहेच.

तुझा,
दादा

ता. क. मॉनिटर मी घेतला. तीन आठवडे झाले. सपाटच घेतला. पायाखाली विटा ठेवल्या आणि पिनेसाठी दुकानदाराने जोडणी दिली. तेव्हा वरच्या प्रश्नाचं उत्तर शोधत बसू नकोस.

आणखी एक ता. क. घेतला तर मग पत्र कशाला, असं विचारशील. विचारायलाच हवं. मॉनिटर घरी आला त्याच दुपारी मी दंतवैद्यांच्या घराचे जुने नकाशे उघडले. रोजचा नकाशा तारीख घालून वेगळा साठवायची माझी खोड तुला माहीत आहे, तू त्यावरून मला कमी चिडवलेलं नाहीस. तुझी चूक एकदा चांगली मोठी करून बघावी, छापावी आणि आईच्या हातात द्यावी, असा बेत होता. या पडद्यावर दोन नकाशे शेजारी शेजारी मावतात. डावीकडे मंगळवारचा लावला, उजवीकडे बुधवारचा. मंगळवारच्या नकाशात त्या खोलीला दार आहे. तुझ्या हातचं, आत उघडणारं. बुधवारी मी ती भिंत दीड फूट आत घेतली, तुला सांगितलं नाही, आणि तुझं दार जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत एकटंच उभं राहिलं. आपल्या सतरा इंचांत भिंत दिसत होती तेव्हा दार दिसत नव्हतं आणि दार दिसलं तेव्हा भिंत दिसत नव्हती. हे मध्येच दार कुणी टाकलं, भुंग्याचा वेंधळेपणा, असं म्हणून मी ते पुसलं. मीच पुसलं. आणि गवंडी, मजूर, सगळ्यांसमोर तुला वाट्टेल ते बोललो. चुकलो रे. मला फार लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दंतवैद्यांना सांगायला गेलो. त्यांनी सवयीने आधी खुर्चीत बसवलं, आ करायला लावला आणि मग सांगितलं की त्याच आठवड्यात तू त्यांच्याकडे जाऊन आला होतास. दार मी विसरलो, दादाकडचं काम काढून घेऊ नका, असं सांगून गेला होतास. गेल्या वर्षी त्यांनी दवाखान्याचं काम दिलं, ते मी माझ्या नावावर मिळालं म्हणून मिरवत होतो. स्वतःच्या हाताने काढलेलं दार तुला आठवत नव्हतं, यावर माझा विश्वास नाही. मला बरंच काही बोलायचं होतं, पण तोंडात आरसा होता. डोळ्यांना पाणी आलं ते त्यांनी दाढेमुळे असं धरलं आणि दाढ काढली. दाढ चांगली होती असं माझं मत आहे.

शेवटचं. या रविवारी ये. दवाखान्याचा वरचा मजला करायचाय, भिंती काढून झाल्यात आणि दारांना मी हात लावलेला नाही. जाताना तू तुझी खुर्ची डोक्यावर घेऊन गेला होतास, ती येताना घेऊन ये. इथे फक्त स्टूल आहे, आणि स्टुलावर दुपारपुरतं बसता येतं, रोजच्याला नाही.