काहीतरी सुटलंय

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? (विचारण्यामागे कारण आहे, पण ते शेवटी.) मामींचा खोकला आता घरातल्या घरातच ऐकू येतो असं कळलं, म्हणजे उतार पडला म्हणायचा. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही हसून फोन ठेवून दिला असता.

त्या दिवशी जेवता जेवता तुम्ही सांगितलंत, की माणसं वरवर वेगळी, पण मनाचा तळ सगळ्यांचा एकच. मी मान डोलावली, कारण भाच्याचं ते कामच आहे. पण मामा, ते खरं निघालं! आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंच्या स्वप्नात गाडी सुटली आणि त्या फलाटावर एकट्याच राहिल्या. बायकोच्या स्वप्नात कुत्रा सुटला, तोही नेमका माझ्या मागे (हे सांगताना ती जरा जास्तच हसली). भिंतीपलीकडच्या गायनमास्तरांचं तर स्वप्नात पोटच सुटलं, कोटाची बटणं लागेनात. स्वप्नं तिघांची, पण सगळीकडे काहीतरी सुटतंच आहे! माझ्या अंगावर काटा आला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला हा शब्द सोसत नाही. तुमच्या ऑफिसच्या इमारतीतली लिफ्ट मी गेल्याच आठवड्यात उघडून साफ केली होती. अख्खी मानवजात एकसुरात ओरडत असताना मी स्वस्थ कसा बसू?

आज जाऊन लिफ्ट बंद केली. इमारतीच्या मॅनेजरसाहेबांनी कारण विचारलं, तर घाबरून तोंडातून निघालं, "सासूबाईंची गाडी सुटली." (मास्तरांच्या पोटाचं बोललो नाही. साहेबांचंही सुटलंय.) त्यांनी मशीनच्या खोलीची किल्ली काढून घेतली आणि म्हणाले, "उद्या सकाळी लिफ्ट चालू होणार. तुझी नोकरी चालू ठेवायची का, ते नंतर बघू." मामा, नोकरी गेली तर घर कसं चालवू? आणि गप्प बसलो, तर त्या लिफ्टमध्ये सकाळी माणसं चढणारच. घाईत लिहितोय, अक्षराला नावं ठेवू नका.

तुमचा भाचा,
लिफ्टवाला

ता. क. – तुमच्या सिद्धान्ताचा निकाल लागला. बायको म्हणते, आठवडाभर मीच झोपेत "सुटलं! सुटलं!" असं ओरडतोय. भिंती पातळ, मास्तरांनाही ऐकू जातं. मानवजात वगैरे काही नाही, सगळीकडे मीच. तेव्हा वरचं सगळं विसरा.

ता. क. २ – विसरू नका! पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात धुवायला काढलेल्या माझ्या कामाच्या पँटच्या खिशातून बायकोने अंगठ्याएवढा बोल्ट आणून दिला. तो कुठला, हे माझ्या झोपेला ठाऊक आहे, मला नाही. साहेब मला दारात उभं करत नाहीत, पण तुमचा शब्द मोडणार नाहीत. बायको हे पत्र घेऊन तुमच्या दारात उभी आहे, तिच्याबरोबर तसेच निघा आणि किल्ली तेवढी मिळवून द्या. नाहीच मिळाली, तर मामा, उद्या गुडघ्यांना माझी शपथ घाला, पण आठही मजले जिन्यानेच चढा.