शंभर वॅटच्या आत

२ फेब्रुवारी २०२५, रविवार
आजपासून रोज लिहायचं. शिल्ड मिळाल्यावर तयारी कशी केली ते आठवत बसायला नको.
पुढच्या रविवारी क्लबची हॅम रेडिओ कॉन्टेस्ट. सकाळी दहा ते चार. आपापल्या घरून, आपल्या बिनतारी सेटवर, देशभरातल्या जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलायचं. एक कॉन्टॅक्ट, एक पॉइंट. पॉवर शंभर वॅटच्या आत. एकोणीस वर्षं भाग घेऊन राहिलो, सात वेळा दुसरा आलो. पहिला एकदाही नाही. गेली तीन वर्षं शिल्ड कुहीला, रुपराव नावाच्या शेतकऱ्याकडे. धानाच्या बांधीवर अँटेनाची तार ताणतो आणि पहिला नंबर काढतो. चिडायचं नाही.
फेअर प्ले समितीचा अध्यक्ष मीच. नियमांचं सर्क्युलरही मीच टाइप केलं. चांगलं कडक केलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार
बुटीबोरीच्या एका जुन्या हॅमकडून लिनियर आणला. सेटला जोडला की शंभराचे चारशे वॅट होतात. वापरायचा नाही. फक्त टेस्टिंगसाठी. प्रेमलता म्हणाली, वापरायचा नाही तर आणला काहून? बायकोशी टेक्निकल चर्चा करू नये.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
टेस्टिंग केलं. केरळवाला पहिल्या हाकेला आला!
मग शांतपणे विचार केला. रुपराव मोकळ्या शेतात. मी प्रताप नगरात, चारही बाजूंनी फ्लॅट स्कीम. अर्धा सिग्नल भिंतीच खातात. म्हणजे मी चारशे सोडले तरी बाहेर शंभरच पडणार. उलट न वापरणं हाच माझ्यावर अन्याय. समितीचा अध्यक्ष म्हणून मी अन्याय कसा चालवून घेऊ?
शेजारचे श्रीधर आले होते. त्यांच्या दाराची नवी कॅमेऱ्याची बेल आपोआप वाजून राहिली म्हणे, दार उघडलं तर कोणी नाही. मी म्हटलं, चायनीज माल असेल.

८ फेब्रुवारी, शनिवार
उद्याचं टाइमटेबल: पाचला उठणे. प्राणायाम. जेवण नाही, फक्त फळं. सहा तास खुर्ची सोडायची नाही. प्रेमलतेला बजावलं, घराला आग लागली तरी मला हाक मारायची नाही. ती म्हणाली, बरं.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ९.४०
साडेआठला उठलो. मोठ्या दिवसाआधी झोप पूर्ण हवी. तर्री-पोहे, दोन प्लेट. तर्रीनं घसा मोकळा होतो.

दुपारी १२.५५
१०४ कॉन्टॅक्ट! धुमाकूळ घालून राहिलो नुसता. श्रीधर तीनदा येऊन गेले. बेल मिनिटामिनिटाला वाजते, आणि मी बोललो की वाजते असा त्यांचा संशय. भला माणूस आहे, पण संशयी.
स्वयंपाकघरातून गोळाभाताचा वास. दोन घास खातो.

दुपारी ३.१०
दोन घासांनंतर पाठ टेकली होती. पाच मिनिटं. प्रेमलतेवर ओरडलो, उठवलं काहून नाही? म्हणे, आग कुठे लागली होती?

संध्याकाळी ५
एकूण १२५. ग्रुपवर रुपरावचे १७१. रात्री जेवणार नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
लॉग भरून पाठवायचा आहे. कोणत्या मिनिटाला कोणाशी बोललो, सगळं. मधले दोन तास कोरे, फार वाईट दिसतं. इंटरनेटवर बघितलं, त्या वेळात हवेवर कोण कोण होतं ते कळतं. बासष्ट जण निघाले. सगळे ओळखीचे. मी जागा असतो तर यातला एकही सुटला नसता. म्हणजे कॉन्टॅक्ट झालेच होते, फक्त बोलणं राहिलं. याला खोटं म्हणता येणार नाही.
१८७. पाठवला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
क्लबचे अध्यक्ष गोपाळराव यांचा फोन. ते सगळ्यांचे लॉग एकमेकांशी ताडून बघतात. माझे बासष्ट कॉन्टॅक्ट समोरच्या एकाच्याही लॉगमध्ये नाहीत, आणि सगळे एक ते तीनमधले. मी म्हटलं, लोक फार निष्काळजी झालेत. प्रकरण फेअर प्ले समितीकडे जाईल म्हणाले. मी म्हटलं, मग मी बघून घेतो. ते म्हणाले, तुम्ही सोडून.
रविवारी सुनावणी.

२० फेब्रुवारी, गुरुवार
सुचलं! श्रीधर! मी बोललो की त्यांची बेल वाजते. बेल दिवसभर वाजली म्हणजे मी दिवसभर सेटवर होतो. अर्धा किलो संत्रा बर्फी घेऊन गेलो. विचारलं, नऊ तारखेला बेल वाजत होती ना? म्हणाले, दिवसभर, जीव खाल्ला हो तिनं! पुराव्यासकट यायला तयार झाले. शेजार असावा तर असा.

२३ फेब्रुवारी, रविवार
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
सुनावणीला पंधरा जण जमले होते. रुपरावही कुहीहून एसटीनं आले. श्रीधरनी मोबाइल उघडला. ती बेल वाजली की दर वेळी टाइमसकट फोटो काढून ठेवते. मला माहीत नव्हतं. त्यांनी सावकाश वाचायला सुरुवात केली. दहा वाजून एक मिनिट, दहा वाजून दोन, दहा तीन. बारा बावन्नपर्यंत. त्यानंतर एकदम तीन अकरा. मध्ये एकही नाही. माझी बाजू भक्कम व्हावी म्हणून श्रीधर पुढे म्हणाले, तेवढे दोन तास इतकी शांतता होती की मलाही झोप लागली.
मग गोपाळरावांनी विचारलं, ही बेल कधीपासून वाजते? श्रीधर म्हणाले, सात तारखेपासून, त्याआधी महिनाभर दारावर होती तरी कधीच नाही. शंभर वॅट तर मी एकोणीस वर्षांपासून रोज सोडून राहिलो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, हवेतला दमटपणा असेल. नागपुरात. फेब्रुवारीत. कोणी हसलंसुद्धा नाही.
रुपराव उठले. म्हणाले, सोडून द्या गा, जेवल्यावर मलेही झोप येते. मग गोपाळरावांकडे वळून म्हणाले, माह्या लॉगातले तीन पक्के आयकू नव्हते आले, ते मीनंच कापले, एकशे अडुसष्ट धरा. त्या माणसानं एवढं सरळ म्हटल्यावर मला फार लाज वाटली. त्यांनी माझा पाणउतारा केला असता तर बरं झालं असतं.
निकाल: माझा लॉग रद्द, कॉन्टेस्टला दोन वर्षं बंदी, शिल्ड कुहीला. समितीचे नवे अध्यक्ष रुपराव. मी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला.

२ मार्च, रविवार
लिनियर परत केला. सेट एकटाच लावला. मीटर तीनदा बघितलं. शंभराच्या वर काटा नाही.
दहापासून हाका मारून राहिलो. बँडवर गर्दी होती, ओळखीचे आवाज होते. कोणी उत्तर दिलं नाही. प्रेमलता दोनदा डोकावून गेली, चहा ठेवून गेली.
साडेअकराला एकच उत्तर आलं. कुहीहून, रुपराव. म्हणाले, आवाज मस्त येऊन राहिला, पॉवर किती हाय?
शंभर, मी म्हटलं. आणि खरंच शंभर होती.
रुपराव म्हणाले, तुमी म्हणता तं असन भाऊ.