दोन समुद्र दिसणारा डोंगर

१८ जानेवारी

ठरलं! कोस्टारिका! मी आणि बाबा, दोघंच. नवऱ्याला, ओजसला सुट्टी नाही, लेकीची, उर्जाची शाळा – म्हणून सून आणि सासरे निघालेत जग बघायला. इथे हॅनोव्हरला बाहेर उणे सात आहे आणि मी घरभर नाचतेय.

बाबा म्हणजे फलटणच्या शाळेतले श्रीरंग सर. आधी माझे भूगोलाचे सर, सासरे मागाहून झाले. ते वर्गात सांगायचे, कोस्टारिकात इराझू नावाचा ज्वालामुखी आहे, हवा स्वच्छ असली तर माथ्यावरून दोन्ही महासागर दिसतात. सातवीत मी हात वर करून विचारलं होतं – सर, तुम्ही पाहिलेत? ते ‘हो’ म्हणाले. अख्खा वर्ग गार! मी घरी जाऊन आईपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना सांगितलं.

लग्नानंतर कळलं, बाबांचा पहिला पासपोर्टच आमच्याकडे जर्मनीला यायचं म्हणून काढला होता. मी त्यावर कधी बोलले नाही. तेही नाहीत. आज तिकिटं काढली म्हटल्यावर मात्र उठून खिडकीशी गेले आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

२२ जानेवारी

ऑफिसातली काट्रिन दोनदा जाऊन आलीय. आज जेवणाच्या सुट्टीत तिने माझी पुरती शिकवणीच घेतली – आल्झो, म्हणजे ‘तर मग’, स्वेटर घे, इराझूवर थंडी असते! सकाळी लवकर जा, दहानंतर ढग चढतात. प्रवेशाचा पास आधीच काढ, तो त्या तारखेलाच चालतो. परतीचं तिकीट छापून जवळ ठेव, उतरल्यावर विचारतात. अमेरिकेत विमान बदलायचंय ना, मग आपल्याला एक ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, दहा मिनिटांचं काम. मी सगळं लिहून घेतलं. पास वीस फेब्रुवारीचे काढले.

२५ जानेवारी

बाबांनी दोनशे पानी वही केलीय. शीर्षक, तारीख, समास. काट्रिनचे सल्ले शुद्धलेखन सुधारून उतरवून घेतले! तिथे घरांना नंबर नसतात, पत्ता म्हणजे ‘चर्चपासून दोनशे मीटर दक्षिणेला’. काट्रिनला याचा भयंकर वैताग. बाबा खूश – म्हणाले, आपल्याकडे तरी कोण नंबर सांगतं, मारुतीच्या देवळामागे म्हटलं की झालं. होकायंत्र घेणार आहेत. संध्याकाळी घेऊन टाकलं.

१ फेब्रुवारी

गाढव आहे मी! शुद्ध गाढव!

तो अमेरिकेचा फॉर्म भरायला बसले. माझा दहा मिनिटांत झाला. बाबांचा काढला तर देशांच्या यादीत भारतच नाही. नुसतं विमान बदलायचं तरी त्यांना व्हिसा लागतो, आणि त्याची तारीख काही महिने मिळत नाही. कोस्टारिकाचं मी दूतावासाला मेल करून पक्कं विचारलं होतं, बाबांच्या शेंगेन व्हिसावर चालतं. मधल्या देशाचं डोक्यातच आलं नाही.

कसं येणार? नोव्हेंबरात माझं आइनब्युर्गरुंग झालं, म्हणजे जर्मन नागरिकत्व मिळालं, लाल पासपोर्ट हातात आला. काट्रिन ‘आपल्याला’ म्हणाली आणि मी त्या ‘आपल्याला’मध्ये बाबांनाही धरलं. तीन महिन्यांत विसरले! त्याचीच लाज जास्त वाटते.

बाबांना सांगताना तोंडून ‘सर, चुकलं माझं’ निघालं. ते म्हणाले, असू दे, नकाशा आहे की घरात. आणि वही मिटून कपाटात ठेवली. त्यापेक्षा रागावले असते तर बरं.

३ फेब्रुवारी

मिळालं! फ्रँकफर्टहून थेट विमान, सतराची एकच जागा. बाबा त्याने जाणार, मी अठराला माझ्या जुन्या तिकिटावर अमेरिकेवरून. एक रात्र एकटे राहतील. ओजस धास्तावलाय. उर्जा म्हणते, ‘ओपा शाफ्ट दास.’ आजोबांना जमेल म्हणे. वही कपाटातून बाहेर!

१० फेब्रुवारी

बाबा उर्जाला स्पॅनिश शिकवतायत. दोघांनाही येत नाही.

१७ फेब्रुवारी

बाबा उडाले. गळ्यात होकायंत्र, बगलेत वही. सिक्युरिटीपलीकडून वळून हात केला, शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलासारखा.

मी फ्रँकफर्टलाच थांबलेय. आणि आत्ता मेल – उद्या संप. माझं विमान रद्द!

१८ फेब्रुवारी

पुढची जागा एकवीसची. घरी परत आले. दिवसभर जीव थाऱ्यावर नाही.

मग दुपारी बाबांचा फोन. चर्चपासून दोनशे मीटर मोजून गेले, हॉटेल सापडलं! टॅक्सीवाला चुकत होता, बाबांनी त्याला होकायंत्र दाखवून दक्षिण समजावून दिली. नाश्त्याला भात आणि काळा घेवडा, दोनदा घेतला. आवाज नुसता फुललेला. मी इतकी हसले की उर्जा धावत आली.

पास वीसचे आहेत. मी म्हटलं, माझ्यासाठी थांबू नका, टूरवाल्यांच्या गाडीने जाऊन या. वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, बरं. मलाच वाईट वाटलं – त्यांच्या शेजारी उभं राहायचं होतं मला. त्यांनी जे सांगितलं ते खरं होताना बघायचं होतं. पण ते खरं झालं म्हणजे झालं.

२० फेब्रुवारी, दुपार

तिथे सकाळचे आठ. माथ्यावर असतील. मीटिंग चालू होती, मी टेबलाखाली फोन धरून बसले होते. मेसेज टाकला – सर, दोन समुद्र दिसले का? बाबा लिहायचं होतं. सर लिहिलं गेलं.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ

उत्तर आलं.

‘नाही, शुभा. आज ढग होते. आणि तेव्हाही मी पाहिले नव्हते. तू ये, तेवीसचे दोन पास काढलेत.’

मी स्वयंपाकघरात उभी राहून रडतेय आणि हसतेय. बॅग भरलेलीच आहे.