साठेखताचं सातवं कलम

४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

नमस्कार लिहिला तो रीत म्हणून, मनातून नाही. साठेखतावर सह्या होऊन दोन महिने झाले. इसाराचे दोन लाख तू घेऊन बसलीस, पण मागच्या खोलीतून आईचं कपाट तसूभरही हललेलं नाही. एकतीस तारखेला खरेदीखत आणि रिकाम्या घराचा ताबा, असं ठरलंय. आईला तुझ्या नव्या जागेत ने. माझ्या दोन्ही मुलांना आता वेगळ्या खोल्या हव्यात.

ताबा चुकला तर पाचव्या कलमाप्रमाणे इसार दुप्पट परत करावा लागेल. वकिलाची फी वाचवून मी स्वतः टाइप केलेला कागद आहे. त्यात फट सापडायची नाही.

लोभ असावा, ताबा वेळेवर द्यावा ही विनंती.

तुझा धाकटा भाऊ

९ मार्च

चि. भावास, अ. उ. आ.

पत्र दुकानात आलं. गिऱ्हाइकाचा ब्लाउज बेततानाच वाचलं आणि कात्री वाकडी गेली. तुला पाचवं कलम पाठ आहे, सातवं वाचलंस का? बाबांनी हे घर घेतलं तेव्हाचा कागद समोर ठेवून तू नावं आणि रकमा बदलल्यास, बाकीचं जसंच्या तसं उतरवलंस. सातव्यात आहे, विकणाराची आई हयात असेतो मागच्या खोलीत राहील, घेणाराने तिला उठवू नये. तेव्हा ती आधीच्या मालकाची म्हातारी होती. बाबांनी माझ्या नावावर केलेलं घर आता विकते आहे मी, आणि माझी आई कोण हे तुला सांगायला नको.

वकिलाने कलम पक्कं असल्याचं सांगितलंय. तू मागे हटलास तर इसार बुडाला. माझी नवी जागा दीड खोलीची, त्यात दोन मशिनं. पंधरा वर्षं आईला मी सांभाळलं, आता तुझी पाळी. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

लोभ नसला तरी चालेल, तारीख पाळावी.

तुझी ताई

१५ मार्च

ताई,

मायना राहू दे. सही करताना तुला सगळं दिसत होतं आणि तू गप्प बसलीस. तुला बहीण म्हणायची लाज वाटते.

सोबत पुरवणी करार आहे. सातवं कलम रद्द, किमतीत चार लाख जास्त, पण आईला तू न्यायचं. शेवटी फी भरून गाठलेला वकील म्हणतो, तिचीही सही लागेल. ती चष्म्याशिवाय वाचत नाही, तेव्हा घेऊन टाक.

भाऊ

२० मार्च

चि. दोघांस, आशीर्वाद.

दुकान बंद होतं म्हणून पोस्टमनने पाकीट घरी दिलं. चष्मा लावून वाचलं. मग मशिनीच्या खणातलं आधीचं पत्रही वाचलं, आणि ताईने काय उत्तर दिलं ते तिच्याकडूनच वदवून घेतलं. करार सही न करता परत पाठवते आहे. मी कुठेही जाणार नाही.

सातवं कलम मी हट्टाने घालायला लावलं होतं. त्या मालकाला घर विकायची घाई होती, आई कुठे जाईल याची फिकीर नव्हती. अकरा वर्षं मी त्या बाईचं सगळं केलं. ती मला मुलाला पत्रं लिहायला सांगायची. उत्तर एकदाही आलं नाही. मग मीच मनाने उत्तर रचून तिला वाचून दाखवायचे, की मुलगा तुमची फार आठवण काढतो. ती सुखाने गेली.

मला मात्र वाचता येतं.

तुमची आई