घुटीचं बोट

प्रिय वैनी,

डबा तुझा, गोळ्या तुझ्या, आणि भोगायचं मी? वर जाऊन बसलीस निवांत! इथे रविवारी नात झाली आणि मी, सख्खी आजी, दवाखान्यात हात पाठीमागे बांधून उभी. बाईंनी वर्गात शिक्षा केल्यासारखी! रंजी म्हणते, "आई, घे ना गं तिला." मी म्हटलं, "सर्दी झालीय मला." पोटच्या पोरीशी खोटं बोलले, तिच्या बाळंतपणाच्या खाटेपाशी. तुझ्यापायी!

म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुका काढत बसू नकोस. तू तर तिसरीतच शाळा सोडलेली.

तो फराळाचा पत्र्याचा डबा आठवतो? न आठवून कसं चालेल! घरातलं कोणी आजारातून उठलं की उरलेल्या गोळ्या त्या डब्यात. "औषध टाकू नये गो, टाकला तर आजार परत येता." हे कुठलं शास्त्र, वैनी? मग चाळीत कोणाला ताप येवो, घसा धरो, पोट बिघडो, तुझ्या दाराशी रांग. "ही लालवाली घे, पावरची आहे. बरं वाटलं की बंद कर." कांजूरच्या अख्ख्या चाळीची डॉक्टरीण तू! लोक दुवा द्यायचे. मीपण खाल्ल्यात तुझ्या गोळ्या, उगाच नाही कशाला म्हणू?

स्वतःचंही तेच केलंस. लघवीला जळजळ होत होती, कोणाला बोलली नाहीस. लाज! माझी कसली लाज गं? आपण दोघी जावा, भिंतीला भिंत, इतकी वर्षं एका मोरीत आंघोळी केल्या. डब्यातल्या दोन गोळ्या खाल्ल्यास, जळजळ थांबली, गोळ्याही थांबल्या. परत जळजळ, परत दोन. हुडहुडी भरून दात वाजायला लागले तेव्हा कुठे भिंतीवर मूठ आपटून मला बोलावलंस.

इस्पितळात एक औषध लावलं, मग दुसरं, मग त्याच्यावरचं. ताप हटेना. डॉक्टर येऊन म्हणाला, ह्या जंतूंवर आमच्याकडचं जवळजवळ काहीच चालत नाही, त्यांना सगळ्याची सवय झालीय. मी ओरडले त्याच्यावर. "एवढी मोठी बिल्डिंग बांधलीत आणि एक औषध नाही?" आता वाटतं, त्याला कशाला बोलले.

तिथली मावशी वेळेवर यायची नाही. तुला ओलं सहन व्हायचं नाही, डोळ्यांतून पाणी यायचं. मग तुझं सगळं मीच केलं. पुसलं, बदललं, पेज भरवली. साबण नसला की नुसत्या पाण्याने हात धुतले आणि त्याच हाताने पोळीभाजी खाल्ली. कोणाला माहीत होतं!

आणि तेव्हाच तू माझा हात धरलास. "रंजीच्या पोराक घुटी तूच दी. तुझो हात हलको."

"गप गं. तो मान तुझा."

"शब्द दी."

दिला. काय करणार होते? आपल्या घरातल्या एकेका पोराला घुटी तूच दिलीस. सहाणेवर वेखंड, जायफळ, हळकुंड उगाळायचं, आईच्या दुधात कालवायचं आणि बोटाने जिभेवर ठेवायचं. पोर तुझं बोट चोखत राहायचं आणि तू गालातल्या गालात हसायचीस. ती सहाण आता माझ्या ओट्यावर आहे.

तू गेलीस आणि माझ्या पित्ताशयात खडे निघाले. मुलुंडला ऑपरेशनच्या आधी विचारलं, घरातलं कोणी इतक्यात इस्पितळात होतं का? सांगितलं खरं ते. लगेच मागच्या जागी कापसाची काडी फिरवून तपासायला पाठवली. शी! आणि निघालं ना! तुझ्यात होते त्याच जातीचे जंतू माझ्या आतड्यात घर करून बसलेत. मला वेगळ्या खोलीत टाकलं, दारावर पाटी लावली, नर्स आली तर झगा नि हातमोजे घालून. वाळीत टाकलं, वैनी!

मला काहीच होत नाही, ताप नाही की दुखणं नाही. तिथली डॉक्टरीण म्हणाली, ते असे गुपचूप बसून राहतात. औषध देऊन हाकलायला गेलं तर उलट माजतात. कधी आपले आपण जातात, कधी नाही.

मी सगळं तुझ्या डब्यावर ढकललं. ती म्हणाली, "मावशी, एका डब्याने नाही होत हे. घराघरात असा डबा आहे. आणि आमची इस्पितळं तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहेत?"

काल परत तिच्याकडे गेले. म्हटलं, "नातीला घेऊ की नको? सरळ सांगा."

"घ्या ना! संडासहून आल्यावर आणि बाळाला घ्यायच्या आधी साबणाने नीट हात धुवा. बाळ चांगलं आहे, घाबरू नका."

"आणि घुटी?"

"अजिबात नाही. कोणाच्याच बोटाने नाही. सहा महिने फक्त आईचं दूध."

"मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

"मेलेल्या माणसाला."

बिचारीने पेन खाली ठेवलं. हे तिच्या पुस्तकात नव्हतं वाटतं.

तुझ्या डब्यातल्या सगळ्या गोळ्या तिच्याच टेबलावर ओतून आले. घंटागाडीत टाकणार होते, पण गाडी जाते कुठे? इथल्याच कचऱ्याच्या डम्पिंगला. म्हणजे तुझ्या गोळ्या फिरून आपल्याच दाराशी! रिकामा डबा तेवढा घरी आणला. त्याला तुझ्या चकल्यांचा वास येतो अजून. ह्यांना येत नाही, मला येतो.

तुझं केलं त्याचा पस्तावा नाही हां मला. परत आजारी पडलीस तर परत करीन, साबण लावून. पण घरात बाळ आलंय आणि तू नाहीस, हे मी कोणत्या साबणाने धुऊ? तू असतीस तर "काय खांबासारखी उभी रवलंस?" म्हणून केव्हाच तिला माझ्या मांडीवर टाकली असतीस.

ऐक. हात मी कोपरापर्यंत धुवीन, रोज, न चुकता. रंजीला सगळं खरं सांगेन. चाळीतलं कोणी गोळी मागायला आलं तर शिव्या घालून डॉक्टरकडे पाठवीन. सहाण देवाजवळ ठेवीन, चंदन उगाळायला. हे माझं वचन. पण त्या एका शब्दातून मला सोडव, वैनी. मेलेल्याला दिलेला शब्द आपल्याआपण मोडायची माझी छाती नाही.

शुक्रवारी रंजी बाळ घेऊन घरी येतेय. भाकरतुकडा ओवाळून झाला की कोणीतरी बाळ माझ्यापुढे धरणार. तेव्हा परत हात पाठीमागे बांधू?

स्वप्नात ये, भिंतीवर मूठ आपट, काहीही कर. जन्मभर गप्प बसली नाहीस, आताच बसू नकोस. घुटी नाही दिली तर चालेल ना? मला गुरुवारपर्यंत उत्तर पाहिजे.

तुझी धाकटी जाऊ,
कुसुम