अकरा ठिकाणी ‘आम्ही’

मलकापूर,
ता. ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

चि. सृष्टी हिस शंभूदादाचे आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. काकींनी पाठवलेले मेथीचे लाडू पोचले. निम्मे तुझ्या वहिनीने शेजारी वाटून टाकले.

तू नोकरीच्या अर्जासोबत जोडायचं पत्र तपासायला पाठवलंस, ते वाचलं. शुक्रवारी मुदत संपते, तेव्हा कामाचं आधी. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर विषय बदलण्यात मी पटाईत आहे. व्हॉट्सॲपवर लिहिलेलं पुसता येतं. म्हणून कागद. उद्या भाऊसो कुंडलला चाललाय, त्याच्या हाती देतोय.

इंग्रजी बरं आहे, पण सगळं शाळेच्या दाखल्यासाठी केलेल्या अर्जासारखं झालंय. शेतकरी कुटुंबातली आहे, सहानुभूतीने विचार व्हावा, आणि खाली ‘आपली आज्ञाधारक’. बाई, ही सॉफ्टवेअर कंपनी हाय, तहसील कचेरी न्हवं. त्यांना तुझी कीव करायची नाही, तुझ्याकडून काम करून घ्यायचंय. येणाऱ्या कॉम्प्युटर-भाषांची यादीही काढ, ती बायोडेटात आहेच. एका पानात एकच गोष्ट सांग: अडचण काय होती, तू काय केलंस, त्याने काय बदललं.

आणि गोष्ट तुझ्याकडे आहे. आपल्या पाणी संस्थेचे पाटकरी गुंडातात्या सायकलवरून घरोघरी पाण्याची पाळी सांगत फिरायचे. एखादा निरोप चुकला की बांधावर भांडणं. तू प्रोग्राम केलास, आदल्या दिवशी ज्याच्या त्याच्या मोबाईलवर मेसेज. पहिले आठ दिवस कुणी तो उघडलाच नाही, बँकेचा असेल म्हणून. मग तू मजकूर बदललास: “आवं, उद्या तुमची पाळी हाय. रानात पाण्याची दारं धरायला या.” दुसऱ्या दिवशी लोक संस्थेत विचारायला आले, ही कोण पोरगी बोलतीया म्हणून. आणि हे सगळं तू तिसऱ्या परिच्छेदात एका ओळीत उरकलंस. ते वर घे.

दुसरी चूक मोठी आहे. पत्रात अकरा ठिकाणी ‘वी’, म्हणजे ‘आम्ही’ आहे. आधी मी हसलो. आपल्याकडं माणूस एकटा च्या प्याला तरी ‘आमी च्या घेतला’ म्हणतो. पण तिथं लगेच विचारतात, आम्ही म्हणजे कोण, आणि त्यात तुमचं काम किती? तुझे आधीचे चारही अर्ज याच शब्दापायी परत आले असावेत. विश्रामबागच्या कॉम्प्युटर क्लासात तू इतकी पोरं शिकवून नोकरीला लावलीस आणि स्वतः तिथंच राहिलीस.

मी पेन घेऊन सगळीकडे ‘मी’ करत गेलो. नवव्या ठिकाणी थांबलो. तिथं तू लिहिलंयस: आम्ही, म्हणजे मी आणि माझे चुलत बंधू शंभूराज.

सृष्टी, २०१८ साली मला ही नोकरी लागली, तेव्हा मीही असंच पत्र लिहिलं होतं. तू फोनवर विचारलंस, “दादा, पाण्याच्या प्रोग्रामचं काय लिवलंस?” मी म्हणालो, “आमी केला असं लिवलंय गं.” ते खोटं होतं. मी ‘मी’ लिहिलं होतं. मुलाखतीत तुझा मेसेज मी जसाच्या तसा म्हणून दाखवला. चौघं खळखळून हसले आणि नोकरी तिथंच ठरली. तू मात्र सात वर्षं माझा शब्द खरा धरलास आणि प्रत्येक अर्जात मला वाटेकरी केलंस. माझा वाटा किती? तीनशे बारा शेतकऱ्यांचे नंबर टाइप केले. त्यातले चौदा चुकले, तेही तूच दुरुस्त केलेस.

आता तू आमच्याच कंपनीत अर्ज करायचं म्हणालीस, तेव्हा मी सांगितलं, आमच्यात काही राम नाही, दुसरीकडं बघ. तू ऐकलं नाहीस, ते बरं केलंस. ती तुझी काळजी नव्हती. तू ‘मी’ लिहिलंस तर मी उघडा पडणार होतो. ‘आम्ही’ राहू दिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं आणि तुझा पाचवा अर्जही परत आला असता. दोन दिवस मी ते तसंच ठेवायच्या विचारात होतो. त्याची लाज वाटते.

काल दुपारी आमच्या वरिष्ठ भार्गवी मॅडमना माझं जुनं पत्र जोडून सगळं कळवलं. उत्तर आलं, “वाचलं. गुरुवारी भेटू.” पुढचं मला माहीत नाही. तुझ्या वहिनीला सांगितलं, तर ती लाडवांचा डबा उचलून आत गेली. जेवणाच्या वेळी परत आणून ठेवला.

दुरुस्त केलेलं पत्र सोबत आहे. अकराही ठिकाणी ‘मी’ केलंय. माझं नाव खोडलंय, ते पुन्हा घालू नकोस. मेसेजचं वाक्य मराठीतच ठेव, खाली अर्थ दे. ‘आज्ञाधारक’ काढून तिथं नुसतं तुझं नाव ठेवलंय, तेवढं पुरे.

काकींना नमस्कार सांग. माझ्याशी बोलायचं की नाही, ते तुझं तू ठरव. पण अर्ज शुक्रवारच्या आत कर.

तीनशे बारा नंबर टाइप केलेला,
शंभू